या वेळची ताडपत्री हौसेची

"हौसेने ताडपत्रीखाली झोपायचं? मला नाही जमायचं बाबा. तुम्ही जा."

तळ्याकाठी तंबू ठोकून एक रात्र राहण्याचा बेत आम्ही घरात सांगितला तेव्हा आमच्या आईने हे उत्तर दिले. आम्ही गप्प बसलो. कारण ती काय म्हणते आहे ते आम्हाला पुरते कळले होते.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातले गाव सोडून ती वडिलांबरोबर मुंबईला आली. गावच्या विहिरी आटल्या होत्या. घाटकोपरला रस्त्याच्या कडेला चार बांबू आणि एक ताडपत्री, हा त्यांचा पहिला संसार. पुढे झोपडी उभी राहिली. ती दोनदा पाडली गेली आणि दोन्ही वेळा गुंडाळून ठेवलेली ताडपत्री पुन्हा बाहेर निघाली. दुसऱ्या वेळी आम्ही पाच-सहा वर्षांचे असू. रात्रभर पाऊस पडत होता आणि आई एका हाताने ताडपत्रीचा कोपरा धरून बसली होती, एवढे आम्हाला आजही आठवते. अशा बाईला "चल, मजा म्हणून तंबूत राहू" असे सांगणे सोपे नव्हते.

तरीही आम्ही गेलो, आईला घेऊन गेलो. सहा कुटुंबे, लहान-मोठी मिळून तेवीस माणसे. तो अनुभव समाजबांधवांना आणि विशेषतः आपल्या माता-भगिनींना सांगावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

बेत कसा ठरला

आमच्या वस्तीत रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. नोकरी सांभाळून आम्ही तेथे हिशेब आणि गणित शिकवतो. एका रविवारी मुलांना सहज विचारले, "सुट्टीत तुम्ही कुठे कुठे गेलात?" कोणी म्हणाले, मामाच्या लग्नाला. कोणी म्हणाले, आजी वारली तेव्हा गावाला. दोघे-तिघे चैत्यभूमीला आणि दीक्षाभूमीला जाऊन आलेले. पण नुसते विश्रांतीसाठी, चार झाडे आणि पाणी बघण्यासाठी आई-बापाबरोबर कुठे गेलो होतो, असे सांगणारे वर्गात एकही मूल नव्हते.

घरी येऊन आम्ही स्वतःचा हिशेब मांडला. आमचीही तीच गत! वीस वर्षांच्या नोकरीत जी रजा घेतली ती आजारपणासाठी, मयतीसाठी, नाही तर घराच्या दुरुस्तीसाठी. रजा ही विश्रांतीसाठी असते हेच आम्ही विसरलो होतो.

वास्तविक आपल्या समाजाने तर हे विसरता कामा नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना भरपगारी रजेचा हक्क मिळाला आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. रजेच्या दिवसाचाही पगार मिळाला पाहिजे, कारण कामगार हा माणूस आहे आणि माणसाला विसावा लागतो, हे त्यामागचे तत्त्व होय. हा हक्क कायद्याने मिळवून दिला गेला. तो वापरायचा मात्र आपला आपणच.

तळे कोणते?

परदेशात लोक चाकांवरचे घर असावे तशी मोठी गाडी घेऊन तळ्याकाठी जातात. गाडीतच पलंग, गाडीतच चूल. आपल्याकडे अशी गाडी परवडण्याचा प्रश्नच नाही. पण तंबू परवडतो आणि तळ्याला तर तिकीट नाही, असे आम्ही म्हणालो व शोध सुरू केला.

आपल्या उपनगरातच तळी आहेत. १८६० साली पुरा झालेला विहार तलाव आणि त्याच्या वरच्या अंगाचा तुळशी तलाव हे दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात. पण ते राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, राखीव क्षेत्रात आहेत. तेथे मुक्काम करता येत नाही आणि ते योग्यच आहे. पवईचे पाणी पिण्याचे राहिलेले नाही, शिवाय त्यात मगरी आहेत. तेव्हा बाहेर जाणे आले.

मध्य रेल्वेवरच्या लोकांना दोन ठिकाणे सोयीची. एक म्हणजे इगतपुरी-घोटीमार्गे भंडारदरा. तेथील धरण १९२६ साली पुरे झाले. कळसूबाई आणि रतनगड यांच्या सावलीतले ते पाणी. त्याच मुलखातले, अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. आपली लोकल रोज त्याच ठाण्यावरून जाते. दुसरे ठिकाण म्हणजे लोणावळ्यापलीकडचे, मावळातले पवना धरण. आम्ही पवना निवडले, कारण वाटेत बेडसे लेणी लागतात. मुलांना लेणीही दाखवता येतील आणि तळेही, असा विचार केला.

हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाचकांनाही त्याचा उपयोग होईल.

पवनेच्या काठी आता तंबूंचा मोठा धंदा झाला आहे. तयार तंबू, रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता असे सारे मिळून माणशी हजार-दीड हजार रुपये सांगतात. पाच जणांच्या घराला ते कसे जमावे? तेव्हा तंबू आपले, शिधा आपला, स्वयंपाक आपला आणि फक्त जागेचे भाडे द्यायचे असे ठरवले. सहा कुटुंबांनी दरमहा २५० रुपयांची भिशी अकरा महिने चालवली. जमले १६,५०० रुपये.

खर्च असा झाला: चार-चार माणसांचे दोन तंबू ४,८०० रुपये, रेल्वेचे जाण्या-येण्याचे भाडे २,२०० रुपये, कामशेतपासून दोन गाड्यांचे येणे-जाणे ३,००० रुपये, जागेचे, संडास-पाण्यासह, माणशी १५० प्रमाणे वीस जणांचे ३,००० रुपये, तीन तान्ह्या मुलांचे भाडे घेतले नाही, शिधा, भाजी, अंडी, सरपण मिळून ३,४०० रुपये. एकूण १६,४०० रुपये. शिल्लक शंभर रुपये, ते पुढच्या भिशीत जमा.

तंबू तर आता घरचेच झाले. ते वगळले तर माणशी पाचशे रुपयांच्या आसपास खर्च आला. एखाद्या लग्नाच्या आहेरात आपण याहून जास्त घालतो.

दोन तंबूंत तेवीस माणसे मावणार नाहीत हे उघड होते. बायका आणि लहान मुले तंबूत व बाकीच्यांसाठी एक मोठी ताडपत्री, असे ठरले. ताडपत्रीचा विषय निघताच आई माळ्याकडे बघून म्हणाली, "नवी घेऊ नका. आपली आहे ती चांगली जाड आहे." आणि थोड्या वेळाने, "तुम्हाला ती ताणायची तरी येते का?"

ती येणार हे आम्हाला तेव्हाच कळले.

बेडशाची पोढी

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पहाटे घाटकोपरहून निघालो. लोकलने कल्याण, तेथून गाडीने लोणावळा, मग पुणे लोकलने दोन स्टेशने पुढे कामशेत. कामशेतला गाड्या उभ्या होत्या. पवनानगरच्या रस्त्याने जाताना बेडशाच्या पायथ्याला उतरलो. तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत. आई हळूहळू, बसत-बसत चढली.

डोंगराच्या कुशीत पूर्वेकडे तोंड केलेले हे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. समोर उंच खांब आणि खांबांच्या माथ्यावर हत्ती-घोडे आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. आतल्या स्तूपापाशी सर्वांनी वंदना घेतली. कार्ले-भाजे येथे जेवढी गर्दी असते तेवढी इथे नसते, त्यामुळे मुलांना शांतपणे सारे बघता आले.

बाहेर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्या लेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटलेले आढळते. बेडशाच्या एका टाक्याजवळ ब्राह्मी लिपीत लेख आहे. हे दान महाभोजाची मुलगी सामडिनिका हिने दिले, असे तो सांगतो. एका बाईने दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात राहणाऱ्या भिक्खूंसाठी पाण्याची सोय केली आणि आपले नाव दगडात ठेवले! आमच्याबरोबरच्या भगिनी त्या टाक्यापाशी बराच वेळ रेंगाळल्या. रोज पहाटे नळाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना पाणी देणे म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको.

वहीतली नावे

दुपारी काठावर पोचलो. ज्यांच्या शेतात जागा घेतली होती ते साठीचे शेतकरी, सारे त्यांना दादा म्हणत होते. ओटीवर बसून त्यांनी वही काढली. मुक्कामाला येणाऱ्यांची नावे लिहून ओळखपत्रे बघावी लागतात, म्हणून प्रत्येकाचे आधार कार्ड मागितले. दादा एकेक नाव मोठ्याने वाचत लिहू लागले. नाव, वडिलांचे नाव, आडनाव.

हा क्षण आपल्या लोकांना नवा नाही. आडनाव वाचले जाते आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे आपले लक्ष जाते. मोठी माणसे एकदम शांत झाली. मुलांना मात्र काही कळत नव्हते, ती पाण्याकडे धावण्यासाठी चुळबुळत होती.

वही भरून झाली. दादांनी ती मिटली आणि आत हाक मारली, "पाणी द्या गं पाहुण्यांना."

घरातल्या काकू भाकरी थापत होत्या. आई उंबऱ्याबाहेर ओंजळ पुढे करून उभी राहिली. वरून पाणी ओतले जाईल अशा बेताने, लहानपणी गावात उभी राहत असेल तशी. पन्नास वर्षे मुंबईत राहून ही सवय गेली आहे असे आम्ही समजत होतो. काकूंनी मान वर करून पाहिले आणि म्हणाल्या, "आजी, आत या आणि माठातलं घ्या तुमच्या हातानं. माझे हात पिठाचे हायेत."

आई आत गेली, माठावरचे झाकण तिने स्वतः काढले आणि पाणी प्याली.

यात विशेष ते काय, असे एखादा म्हणेल. त्याने महाड आठवावे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली तेव्हा गावात चवदार तळे भरलेले असूनही परिषदेच्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि परतल्यावर त्यांनी मार खाल्ला. त्या तळ्याचा कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. आपल्या आजोबा-पणजोबांना तळ्याकाठी जमावे लागले ते हक्कासाठी. आज आपली मुले तळ्याकाठी खेळायला जातात, हा त्याच पाण्याचा वारसा आहे. आणि अजून सगळीकडेच माठावरचे झाकण असे सहज निघत नाही, हेही आपण जाणतो.

पाण्याखालचे शेत

संध्याकाळी चुली पेटल्या. पुरुषांनी भाकरी-भाजी करायची आणि बायकांनी बसायचे, असा ठराव निघण्यापूर्वीच झाला होता. भाकऱ्यांचे नकाशे झाले, पिठल्यात गुठळ्या राहिल्या. तरी भगिनींनी ते आनंदाने खाल्ले, कारण ताट त्यांच्या हातात आयते आले होते. आमच्या शेजारच्या वहिनी घरकाम करतात. चार घरची भांडी, मग स्वतःच्या घरची. त्या पाण्याकडे तोंड करून तासभर नुसत्या बसल्या होत्या. काही हवे का विचारले तर म्हणाल्या, "नको भाऊजी. बसू द्या."

समोर तुंग आणि तिकोना यांचे माथे मावळतीच्या उजेडात काळे पडत गेले. अंधार झाल्यावर आभाळ असे काही भरून आले की मुले मोजायचे सोडून नुसती बघत राहिली. विजेच्या दिव्यांमुळे घाटकोपरला एवढे तारे दिसत नाहीत, हे तिथे शिकवावे लागले नाही.

जेवणानंतर दादा येऊन शेकोटीपाशी बसले. आम्ही म्हणालो, तळे फार सुंदर आहे. ते काही वेळ बोलले नाहीत. मग पाण्याकडे हात करून म्हणाले, "त्या तिथं आमचं भाताचं शेत व्हतं. बा सांगायचा. आम्ही तळं म्हंतच नाय. आम्ही धरान म्हंतो."

पवना धरण १९७२ मध्ये पुरे झाले. साडेआठ टीएमसी पाणी त्यात साठते. त्यासाठी मावळातल्या गावांची शेते आणि घरे पाण्याखाली गेली. वाघेश्वराचे जुने दगडी देऊळही बुडाले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की ते उघडे पडते, तेव्हा लोक बघायला जातात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या शेकडो खातेदारांचा पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक दशके लोंबकळत राहिला. हे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते. ते बंद नळातून थेट शहराला न्यायच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ त्यांनी आंदोलन केले, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी ठार झाले. त्यांत एक महिला होती.

दादांनी हे सारे आवाज न चढवता सांगितले. उरलेल्या दोन एकरांत आता भात होतो आणि भात निघाला की त्याच जागेत तंबू लागतात. "पाण्यानं शेत नेलं. आता पाणी बघाया मानसं येत्यात, त्यांच्यावर घर चालतं," ते म्हणाले.

आई ऐकत होती. तिने विचारले, "धरण कधी भरलं म्हणालात?"

"बहात्तरला."

"बहात्तरला," आई म्हणाली. "त्याच साली पाणी नाही म्हणून आम्ही गाव सोडलं."

एकाचे गाव पाणी नाही म्हणून सुटले आणि दुसऱ्याचे शेत पाणी आले म्हणून गेले. दोघे समोरासमोर शेकोटीला हात शेकत बसले होते. आम्ही वीस वर्षे भाषणे करतो आणि ऐकतो. पण देशाच्या कारभाराचा एवढा सोपा धडा आम्हाला कोणी दिला नव्हता.

रात्रीचा पाऊस

रात्री दीडच्या सुमारास वारा सुटला आणि पाठोपाठ अवकाळी सरी आल्या. विकत आणलेल्या दोन तंबूंपैकी एकाच्या खुंट्या मऊ मातीतून उपटल्या गेल्या आणि तंबू आतल्या माणसांसकट कलंडला. मुले रडू लागली. सामान भिजले. आम्ही पुरुष मंडळी विजेऱ्या घेऊन नुसती इकडून तिकडे धावत होतो.

ताडपत्री मात्र जागची हलली नाही. ती आईने संध्याकाळी स्वतः उभे राहून ताणून घेतली होती. वाऱ्याच्या बाजूला ती खाली ठेवायला लावली होती, उंच बाजू उलट दिशेला. कोपऱ्याला नुसते छिद्र न पाडता आत गोटा गुंडाळून त्यावर दोरी आवळली होती, म्हणजे ताडपत्री फाटत नाही. खुंट्या बाहेरच्या अंगाला तिरक्या ठोकून त्यांवर दगड ठेवले होते. आणि वरच्या बाजूने हातभर लांबून एक चर खणायला लावला होता. तेव्हा आम्ही हसलो होतो, "आई, नोव्हेंबरात कसला चर?" आता उतारावरून आलेले पाणी त्या चरातून बाजूने निघून जात होते आणि खाली जमीन कोरडी होती.

तेवीसच्या तेवीस माणसे त्या ताडपत्रीखाली दाटीवाटीने बसली. कोणी तरी स्टोव्ह पेटवून आडोशाला चहा ठेवला. मुलांचे रडे थांबले, मग गाणी सुरू झाली. आई मध्यभागी बसली होती. या वेळी तिला कोपरा धरून बसावे लागले नाही. कोपरे आपले आपण घट्ट होते.

आमचा मुलगा तिला विचारू लागला, "आजी, हे सगळं तुला कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "गरजेनं." मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तू हौसेनं शिक."

तासाभरात पाऊस थांबला. ज्या विद्येची आम्हाला आजवर लाज वाटत होती आणि जिच्याविषयी घरात कधी कोणी बोलत नव्हते, तीच त्या रात्री तेवीस माणसांच्या कामी आली. आपल्या आई-बापांनी रस्त्यावर काढलेले दिवस लपवण्याजोगे नाहीत. त्यांच्याजवळ बसून ते मुलांना ऐकवले पाहिजेत.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पाणी शांत दिसते म्हणून फसू नये. धरणाच्या पाण्याखाली गाळ असतो, जुनी बांधकामे आणि झाडांचे बुंधे असतात, दोन पावलांवर एकदम खोली असते. पवनेत पोहायला उतरून अनेक तरुण बुडाले आहेत. काठावर वाचवणारा कोणी नसतो. आम्ही मुलांसाठी घोटाभर पाण्याची मर्यादा ठरवली आणि दोन मोठ्या माणसांना पाळीपाळीने पहाऱ्याला बसवले. नावेत बसायचे तर जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय नाही. दारू पिऊन पाण्यात उतरणे म्हणजे मरणाला बोलावणे. आमच्या सहलीत दारू नव्हतीच आणि त्यामुळेच भगिनी निर्धास्त होत्या.

थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊन झोपू नये. कोंडलेल्या जागेत कोळशाचा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला कळतही नाही आणि तो दगावतो. शेकोटी बाहेरच आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवलेली असावी.

काठावर साप-विंचू असतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तळाला कापड शिवलेला आणि चेन बंद होणारा तंबू असावा. उघड्यावर झोपणाऱ्याने मच्छरदाणी लावून तिची कड अंथरुणाखाली खोचावी. बूट झटकून घालावेत. चावा झालाच तर मांत्रिक नको, चिरा देणे नको. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते, तिला बोलावून थेट सरकारी दवाखाना गाठावा.

तंबू सखल जागी किंवा अगदी पाण्याच्या कडेला ठोकू नये. पत्रावळी, प्लास्टिक, मुलांचे लंगोट यांतले काहीही तेथे सोडू नये. ते पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांच्या नळाला येते. तेथेही आपलेच भाऊबंद राहतात. आम्ही आमचा कचरा तीन गोण्यांत भरून परत आणला.

वेळ असेल तर परतताना देहूरोड गाठावे. त्याच लोहमार्गावर, कामशेतच्या पुढे आहे. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः तेथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आम्हाला ओल्या सामानामुळे ते जमले नाही. पुढच्या खेपेला नक्की.

परत आल्यावर

रविवारी रात्री घरी पोचलो. सोमवारी सकाळी पुन्हा नळाची रांग, पुन्हा लोकलची गर्दी. आयुष्य बदलले असे म्हणणार नाही. पण अभ्यासवर्गातल्या मुलांना पुढच्या रविवारी निबंध लिहायला सांगितला तेव्हा सहलीला आलेल्या नऊही मुलांनी पान भरून लिहिले. शेजारच्या वहिनींनी नव्या भिशीचे २५० रुपये पहिल्यांदा आणून दिले.

ताडपत्री दोन दिवस गच्चीवर वाळत होती. वाळल्यावर आईने स्वतः झटकली, घड्या घातल्या, दोरी गुंडाळून वर ठेवली. आम्ही ती उचलून माळ्यावर अगदी मागे, नेहमीच्या जागी सरकवू लागलो, तेव्हा तिने थांबवले.

"मागं नको टाकू," आई म्हणाली. "पुढं ठेव. लागेल पुढच्या वर्षी."